सशाची डोंगरी सायकल

एका घाटमाथ्यावरच्या जंगलात एक ससा राहत असे. त्याला पळता फार छान येई आणि त्याचेच त्याला दुःख होते. पान पडले की तो पळे, टिटवी ओरडली की पळे, आणि कधी कधी तर कोणी नुसती हाक मारली तरी पळे. कोणाला त्याचे कौतुक करायचे झाले तरी "काय पळतो हो!" यापलीकडे कोणी जात नसे. आपल्याला बघून कोणीतरी आनंदाने पुढे यावे, आपली कोणीतरी वाट पाहावी, असे सशाला मनापासून वाटे. पण मुलांनो, जो सदा पळतच असतो त्याची वाट कोण पाहणार?

त्या जंगलाचे टपाल एक म्हातारे सांबर वाटत असे. डोंगराच्या अलीकडे एक जांभळाचे झाड होते. तिथून थैली उचलायची, माथा ओलांडायचा आणि पलीकडच्या तळ्यावर उतरायचे, असे ते काम. सांबराचे गुडघे धरले, तेव्हा जंगलाचा कारभारी हत्ती याने दवंडी पिटली. "पंधरा दिवसांनी परीक्षा! सूर्य उगवला की जांभळाखालून थैली घेऊन निघायचं आणि तळ्यातली कमळं पुरती उमलायच्या आत पोचायचं. जो पोचेल तो आपला टपालवाला!"

सशाचे कान टवकारले. टपालवाल्याची तर सगळे जंगल वाट पाहते! थैली मात्र सशाहून मोठी होती. ती पाठीवर टाकून पळणे त्याला शक्य नव्हते. म्हणून त्याने ठरवले, सायकल घ्यायची. साधी नव्हे, दगडाधोंड्यांतून चालणारी डोंगरी सायकल. त्या जंगलात चिंचोक्यांवर व्यवहार चाले आणि सशाने दोन वर्षे मडक्यात चिंचोके साठवले होते. मडके डोक्यावर घेऊन तो निघाला.

सायकलींचे दुकान होते कोल्ह्याचे. वडाच्या पारंब्यांना त्याने चकचकीत सायकली टांगून ठेवल्या होत्या. कोल्हा लबाड होता असे मी म्हणणार नाही. तो बोलका होता, एवढेच म्हणतो. त्याची एक रीत होती. किंमत सांगण्याआधी तो गिऱ्हाईकाकडे किती चिंचोके आहेत ते विचारून घेई.

"या, या, ससेराव! बसा. किती आणलेत?"

"दोनशे," ससा म्हणाला. भोळा तो भोळाच.

"काय योगायोग!" कोल्ह्याने टाळी वाजवली. "आमच्या या लाल सायकलची किंमत बरोबर दोनशे! पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, सत्तावीस गिअर. दगडावरून गेलात तरी झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटेल."

सशाने सायकलकडे पाहिले आणि त्याला तिची भुरळच पडली. तरी त्याने धीर करून विचारले, "कोल्हेशेठ, जरा डोंगरावर चालवून बघू का?"

"छे छे! चिखल लागला की नवी गाडी जुनी होते. आमच्या अंगणात बघा की."

कोल्ह्याचे अंगण शेणाने सारवलेले, झाडून लख्ख केलेले. ससा तीन फेऱ्या मारून आला. सायकल लोण्यातून जावी तशी गेली. त्याने मडके तिथेच रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी सांबराकडून थैली मागून घेऊन तो सरावाला गेला. चढावर प्रत्येक पेडलला सायकल खालीवर डुलायची आणि पुढे मात्र जेमतेम हलायची. तरी सशाच्या मागच्या पायांत जोर भरपूर, त्याने ती कशीबशी माथ्यावर चढवली. खरी गंमत उतारावर झाली. मुरुमावरून टायर घसरले. त्याने ब्रेक दाबले, तर ब्रेक नुसतेच किंचाळले. सायकल एका बाजूला, थैली दुसऱ्या बाजूला आणि ससा करवंदीच्या जाळीत! एकदा नाही, चार वेळा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या अंगात इतके काटे होते की शेजारच्या खारीने त्याला ओळखलेच नाही.

आठ दिवस असेच गेले. पडायच्या जागा तेवढ्या बदलल्या. शेवटी तो सायकल ढकलत कोल्ह्याकडे गेला.

"कोल्हेशेठ, ही उतारावर थांबत नाही हो."

"सवय झाली की थांबेल!" कोल्हा म्हणाला. सशाचे तोंड बघून मग त्याला थोडी दया आली. "बरं, परत घेतो. पण आता ती जुनी झाली. शंभर देईन."

निम्मे मडके घेऊन ससा बाहेर पडला. परीक्षेला सहाच दिवस उरले होते. वडामागे जाऊन तो हमसून हमसून रडू लागला.

तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "रडायचं तर सावलीत ये. इथे ऊन लागेल."

पाहतो तो साळिंदर! वडामागे साळिंदराचा जुन्या सायकली दुरुस्त करायचा कारखाना होता आणि तिथे चिटपाखरू फिरकत नसे. कारण उघड होते. ज्याच्या पाठीवर हजार काटे, त्याच्या हाती टायर कोण देणार? साऱ्या जंगलाची खात्री होती की साळिंदराकडे गेलेली सायकल पंक्चर होऊनच परत येते. खरे पाहता त्याच्या हातून आजवर एकही ट्यूब फुटली नव्हती. टायर समोर असेपर्यंत पाठ फिरवायची नाही, हा त्याचा नेम होता. शिंक आली तरी ते आधी टायर खाली ठेवी, दहा पावले लांब जाई आणि मग शिंके. पण हे बघायला तिथे कोणी आले तर ना!

सशाने सगळी कहाणी सांगितली. साळिंदर म्हणाले, "तू अंगणात चालवून पाहिलीस. टपाल अंगणात वाटणार आहेस का?"

सशाने खाली मान घातली. मग म्हणाला, "साळिंदरकाका, माझ्याकडे शंभरच उरलेत. त्यात बसेल अशी एखादी सायकल दाखवा ना."

"सायकल नंतर. आधी तू मला वाट दाखव."

ससा चकित झाला. दुकानात गेले की सायकल दाखवतात, हे काका वाट बघायला निघाले! दोघे पायी निघाले. साळिंदराची चाल अशी की एक झाड मागे पडेपर्यंत सशाच्या सात उड्या व्हायच्या. दर थोड्या अंतरावर साळिंदर थांबे, माती उकरून बघे आणि विचारी, "इथे उतरावं लागलं का?"

"नाही काका, चढावर कुठेच नाही. चढ मला आवडतो. म्हणून तर मी सत्तावीस गिअरची घेतली!"

माथा आला, उतार लागला. "इथे?"

"इथे पडलो."

"या वळणावर?"

"दोनदा."

"आणि या मुळांवर?"

"ते विचारू नका."

साळिंदर एका दगडावर टेकले आणि हसू लागले. सगळे काटे खुळखुळ वाजले. "अरे वेड्या, तुझे मागचे पाय बघ. लांब आणि दणकट. चढ तर तुझ्या पायांतच आहे. त्यासाठी तू चिंचोके मोजलेस! आणि उताराला ससा नेहमीच कोलमडतो, पुढचे पाय आखूड म्हणून. तुला जे जमत नाही, त्यासाठी सायकल घ्यायची. जे जमतं, त्यासाठी कशाला?"

एवढ्या वर्षांत हे सशाच्या ध्यानातच आले नव्हते. पळणाऱ्याला थांबायची गरज कधी पडते? म्हणून दुकानात त्याने स्प्रिंगा पाहिल्या, गिअर पाहिले, रंग पाहिला, फक्त ब्रेक दाबून पाहिला नाही.

परत आल्यावर साळिंदराने कोपऱ्यातून एक राखाडी सायकल काढली. ठेंगणी, सशाच्या मापाची. मागे स्प्रिंग नव्हती, पुढे होती. गिअर आठच. पण टायर रुंद आणि खडबडीत, आणि दोन्ही चाकांना चांगले डिस्क ब्रेक. दिसायला सायकल अगदीच गरीब होती. सशाचे तोंड जरासे उतरले, हे लपवण्यात अर्थ नाही.

"किती?" त्याने विचारले.

"ऐंशी. पण आधी डोंगरावर ने. पटली तर दे."

तो डोंगरावर गेला आणि तासाभराने नाचतच परत आला. "काका! वळणावर ब्रेक दाबला आणि ती थांबली! मी म्हटलं तिथे थांबली!"

"सायकलने तेच करायचं असतं," साळिंदर म्हणाले. "उरलेल्या विसांचं हेल्मेट घे. कानांसाठी वर दोन भोकं पाडून देतो."

परीक्षेचा दिवस उजाडला. सगळे जंगल तळ्याकाठी जमले. कोल्हाही आला होता, कारण त्याच्या तीन पिल्लांनी सकाळपासून "ससा बघायचा, ससा बघायचा" असा धोशा लावला होता. गर्दीत तो दोघातिघांना सायकलींचे भाव सांगण्यात गुंतला आणि पिल्ले केव्हा सटकली ते त्याला कळलेच नाही.

इकडे सूर्य उगवताच सांबराने सायकलच्या मागे थैली बांधून दिली. चढ सशाने गाणे म्हणत काढला. माथ्यावर त्याने मागे वळून पाहिले, सूर्य अजून झाडांच्या मागेच होता. वेळ भरपूर होता. तो उताराला लागला. मुरुमावर टायर रुतून धरत होते, मुळांवरून पुढची स्प्रिंग त्याला सांभाळून नेत होती. आता शेवटचे वळण, आणि मग तळे. तो वेगाने वळला.

वाटेच्या अगदी मध्ये कोल्ह्याची तिन्ही पिल्ले बसली होती. एक शेणकिडा आपला गोळा ढकलत चालला होता आणि ती नाके टेकवून त्याच्याकडे पाहत होती.

सशाने दोन्ही ब्रेक दाबले. चाकांनी मुरूम उकरला, धूळ उडाली आणि सायकल पिल्लांपासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

"पुन्हा कर! पुन्हा कर!" पिल्ले ओरडली.

"चला, आधी वाटेतून बाजूला व्हा!" ससा म्हणाला. पिल्ले हटेनात. किडा वाट ओलांडून गेल्याखेरीज हलायचे नाही म्हणाली. उजवीकडे दरी होती, त्यांना तिथे सोडून जाणेही शक्य नव्हते. खाली तळ्यात कमळे उमलत चालली होती, इथून दिसत होती. सशाने एकदा कमळांकडे पाहिले, एकदा पिल्लांकडे. मग त्याने मुकाट्याने एकाला थैलीवर बसवले, एकाला सीटवर, एकाला हँडलवर, आणि सायकल हाताने धरून हळूहळू उतरू लागला.

तो तळ्यावर पोचला तेव्हा शेवटचे कमळसुद्धा उमलून गेले होते.

गर्दी चुकचुकली. हत्तीने सोंड हलवली. "उशीर झाला रे."

"हो, हत्तीआजोबा," ससा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. का उशीर झाला, हे सांगायलाही त्याला तोंड फुटेना.

पण पिल्लांना तोंडे होती. "बाबा, बाबा! आम्ही वाटेत बसलो होतो. ससा केवढ्याने आला, आणि खटकन थांबला! आमच्या नाकापाशी!"

कोल्ह्याच्या तोंडचे पाणी पळाले. धावत येऊन त्याने तिघांना पोटाशी धरले. पुन्हा पुन्हा त्यांची नाके मोजली. मग त्याची नजर त्या राखाडी सायकलच्या ब्रेककडे गेली आणि तो बराच वेळ तिकडेच पाहत राहिला. गर्दीत त्याची सगळी गिऱ्हाइके उभी होती. गप्प बसला असता तर कोणाला काही कळले नसते.

"हत्तीआजोबा," तो मोठ्याने म्हणाला, "हा उशीर माझ्या पोरांमुळे झाला. आणि सगळे ऐका. मी याला विकलेली लाल सायकल उतारावर थांबत नाही. यानं मला तसं सांगितलंही होतं. मी म्हटलं, सवय होईल. आज हा त्या सायकलवर असता तर..."

हत्ती सावकाश पुढे आला आणि त्याने सोंडेने सशाच्या हेल्मेटवरची धूळ झटकली.

"टपाल थोडं उशिरा आलं तर आम्ही वाट पाहू," तो म्हणाला. "पण ज्याला वाटेत थांबता येत नाही, त्याच्या हाती थैली देणार नाही. उद्यापासून टपाल तुझं."

एकच गलका झाला. साळिंदराला आनंदाने उडी मारायची होती, पण समोर टायर होता, म्हणून ते जागच्या जागी नुसते खुळखुळले.

आणि कोल्हा? त्याने त्याच दिवशी लाल सायकल उतरवून साळिंदराकडे नेली, ब्रेक बदलायला. आता त्याच्याकडे कोणी सायकल घ्यायला आले की तो त्याला आधी डोंगराच्या उतारावर घेऊन जातो. धापा टाकत, कुरकुरत, पण जातो.

तात्पर्य : वस्तू दुकानात किती शोभते हे पाहून घेऊ नये. आपली वाट जिथे अवघड होते, तिथे ती आपल्याला कितपत सांभाळते, हे पाहून घ्यावी.