पायाशी वाढणारी लेकरं

रानांना माणसांनी अजून नावं दिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका दरीत रानजायफळीचं झाड होतं. जीव तिचा भारी घाबरट. धनेश पक्षी फळं खायला आला की ती पानं झुकवून फळं झाकायची.

"चोरा, माझी लेकरं पोटात घालून कुठं नेतोस? ती माझ्या पायाशीच वाढतील."

"वाढव हो, वहिनी," धनेश हसला. "बारशाला तेवढं बोलाव."

बिया खाली पडल्या, रुजल्या. रोपांचा घोळका बघून तिला काय करू नि काय नको असं झालं. पण एका रोपावर अळी चढली आणि हळदीकुंकवाला घरोघर जावं तशी सगळीकडे फिरली. पावसाळा सरला तेव्हा एकही रोप उरलं नव्हतं.

पुढच्या बहरात जायफळीनं स्वतःच पानं बाजूला केली. "भाऊजी, न्या."

"गेल्या वर्षी चोर, आणि आता भाऊजी?"

"थट्टा पुरे. कुठं न्याल?"

"डोंगरापल्याड. तिथं तऱ्हेतऱ्हेच्या झाडांची दाटी आहे. त्यात तुझं एकटं बाळ शोधताना अळीला घाम फुटेल. इथं एक सापडलं की सगळीच सापडतात."

त्यानं फळ चोचीत धरलं नि तो उडाला.

"उन्हात टाकू नका! खडकावर नको! आणि पोचल्यावर..."

धनेशानं मान वळवली.

"अहो, बोलू नका, बाळ पडेल!" ती ओरडली.

मग तो दिसेनासा होईपर्यंत तिनं एक पानही हलू दिलं नाही.