तोयोने लिहिलेले गोटे

फार वर्षांपूर्वी जपानच्या डोंगरात मिझुसे नावाचं एक कागद करणाऱ्यांचं गाव होतं. तिथे तोयो नावाची बाई बुद्धाच्या सूत्रांच्या पोथ्या हाताने लिहायची. एका ओळीत सतराच अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराआधी एक नमस्कार. तिच्या हातून जन्मात एक अक्षर चुकलं नाही, असं म्हणतात.

तिथल्या सरदाराला बागेत तळं हवं होतं. नदीला पाणी चढत असताना त्याने माणसांना बांध घालायला उतरवलं. अकरा जण वाहून गेले. त्यात तोयोची धाकटी बहीण किनूही होती. सरदाराने तळं मात्र पुरं करून घेतलं. वर पाप फिटावं म्हणून तोयोला निळ्या कागदावर सोन्याच्या शाईने सूत्र लिहायला बसवलं.

पोथीच्या शेवटच्या ओळीत ज्याचं नाव, त्याला तिचं पुण्य, अशी तिथली रीत. तोयो शंभर दिवस लिहीत होती. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"सरकार, इथे त्या अकरा जणांची नावं घालते."

"मजुरांची? सोन्यात?" सरदार हसला. "माझं घाल."

"मग ती ओळ तुम्हीच लिहा," ती म्हणाली आणि तिने कुंचला खाली ठेवला.

हसला, बरं का. अकरा माणसं बुडवून हसला. आणि हुकूम काढला, तोयोला कुणी कागद देऊ नये. दारोदार कागद वाळत घातलेले, आणि तिला एक चिटोरा मिळेना. गाव गप्प बसलं, त्याचाही मला संताप येतो.

तोयो नदीवर गेली. एका गोट्यावर एक अक्षर, असं तिने अख्खं सूत्र लिहिलं. शेवटच्या अकरा गोट्यांवर अकरा नावं लिहिली. पुढच्या पुरात बांध फुटला, तळं गाळाने भरलं, पण गोट्यांवरची शाई पुसली नाही, असं म्हणतात. तिकडे सरदार पोथीत आपलं नाव लिहायचा आणि ते वाळायच्या आत उडून जायचं. सात वेळा लिहिलं, सातही वेळा ओळ कोरीच राहिली, असं म्हणतात.

आजही मिझुसेत वर्षाचा पहिला कागद कुणी वापरत नाही. तोयोला नाकारला होता, म्हणून तो कोराच नेऊन त्या गोट्यांच्या ढिगावर ठेवतात. मग अकरा नावं मोठ्याने घेतात, आणि बारावं तोयोचं.

सरदाराचं नाव काय होतं, असं मुलं विचारतात. मोठ्यांना ते ठाऊक आहे, पण कुणी सांगत नाही. मीही सांगणार नाही.