तात्यांची गुळणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचे तर नावच लागे. एका राज्यात एक रुंद नदी होती. तिचा स्वभाव लहरी. दर पावसाळ्यात पूर येई, आणि तो ओसरला की जिथे डोह होता तिथे वाळू सापडे, आणि जिथे वाळू होती तिथून खोल धार वाहू लागे.

काठावरच्या एका गावाकडे माणसांना पलीकडे पोचवण्याचा मान होता. तिथला म्हातारा नावाडी गावच्या तरण्या मुलामुलींना नाव चालवायला शिकवी. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्यांना नदी जेवढी ठाऊक होती तेवढी कुणालाच नव्हती, आणि त्यांना बोलताही छान येई. सकाळभर ते पिंपळाखाली बोलत आणि शिष्य सकाळभर माना डोलवत. शेवटी तात्या विचारत, "समजलं?" सगळे एका सुरात म्हणत, "समजलं." नंदीबैलही एवढेच करतो, पण हे तात्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

त्या घाटाची एक रीत होती. पुरानंतरची पहिली नाव शिष्यांनी न्यायची. गुरूने तिच्यात बसायचे, पण तोंडात नदीच्या पाण्याची गुळणी धरून. पलीकडचा काठ लागेपर्यंत ती टाकायची नाही. नाव गुरूच्या शब्दावाचून पोचली, तर वर्षभर घाट गावाचा. ही रीत कोणी घातली कोण जाणे, पण घालणारा शहाणा असावा. गुरूला नदी कळते यात कुणाला शंका नव्हती. शिष्यांना कळते का, एवढेच बघायचे होते.

एका वर्षी चिठ्ठ्या टाकून तीन शिष्य निवडले आणि पहिली नाव निघाली. मध्यावर आल्यावर बघतात तो तात्यांनी शिकवलेली धार जागेवर नव्हती. तिघांनी वल्ही थांबवली आणि तिघेही तात्यांच्या फुगलेल्या गालांकडे बघत बसले. नाव वाहत वाहत खडकाकडे निघाली. अखेर तात्यांनी गुळणी थुंकली आणि ते ओरडले, "डावीकडे घ्या!" नाव वाचली, पण घाट गेला.

राजाचा कारभारी काठावर उभा होता. त्याने वर्षभराचा मान वरच्या अंगाच्या गावाला दिला. पुढच्या वर्षीही असेच झाले तर घाट कायमचा जाईल, असेही त्याने शांतपणे सांगितले. गावातल्या नावा उपड्या घालून ठेवल्या गेल्या. आपल्याच घाटावर दुसऱ्यांच्या नावेत चढताना लोक मान खाली घालत. आपल्या म्हातारपणी गावाचा घाट जातो की काय, या विचाराने तात्यांना घास गोड लागेना.

घरी ते शिष्यांना नावे ठेवू लागले. त्यांची बायको तशी फटकळ होती. ती म्हणाली, "मी रोज घाटावर धुणं धुते. तुमची पाठ वळली की हीच पोरं नदीवरून तावातावानं भांडतात. निम्मं चुकीचं बोलतात, पण निम्मं नेमकं बोलतात. तुम्ही दिसलात की तोंडाला कुलूप. अहो, तुम्हीच एकटे बोलत राहिलात, तर त्यांनी बोलायचं कधी?"

तात्यांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शिष्यांचे पाच-पाच जणांचे गट केले आणि सगळ्यांना एकच प्रश्न दिला: येत्या पुरानंतर खडकाजवळ वाळू कुठे साठेल, आणि का? मग ते गुळणी धरून गटागटांतून फिरू लागले. गुळणी धरली नाही तर आपल्याला राहवणार नाही, एवढे ते स्वतःला ओळखून होते.

पहिला दिवस वाया गेला. एका गटात पाटलाचा मुलगा एकटाच बोलला आणि उरलेल्यांनी त्याच्यापुढेही माना डोलवल्या. दुसऱ्या गटात वाळूवरून गोष्ट जत्रेतल्या कुस्त्यांवर गेली आणि परत आली नाही. तात्यांनी दोनदा रागाने गुळणी गिळून टाकली.

रात्रभर विचार करून त्यांनी एक नियम काढला. गटाचे मत सगळ्यांपुढे मांडायचे ते गटात जो सर्वांत कमी बोलला त्याने, आणि कारणासकट. झाले, बोलक्यांची पंचाईत झाली. पाटलाच्या मुलाच्या गटात एक धनगराची मुलगी होती. ती कधी तोंड उघडत नसे. आता तिला समजावून सांगणे त्याला भाग पडले. तो समजावू लागला की ती विचारी, "असं का?" आणि दर खेपेला त्याला थांबून विचार करावा लागे. कधी उत्तर सापडे, कधी आपलेच म्हणणे लंगडे आहे असे त्याला कळे.

हळूहळू गट मार्गी लागले. कुणी फेसाचे सांगे, कुणी भोवऱ्याचे. एकदा अख्ख्या गटाने एकमताने चुकीचे उत्तर काढले. त्या दिवशी तात्यांनी गुळणी टाकली आणि सगळ्यांना पाण्यात नेऊन चूक दाखवली. शिकवणे त्यांनी सोडले नव्हते. फक्त आधी ऐकून मग बोलायची सवय लावून घेतली होती.

पूर आला आणि ओसरला. पहिल्या नावेसाठी चिठ्ठ्या पडल्या त्यात पाटलाचा मुलगा, धनगराची मुलगी आणि एक कोळ्याचा मुलगा होता. कारभारी पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. तात्या गुळणी भरून नावेत बसले.

मध्यावर नदीला दोन वाटा फुटल्या होत्या. तात्यांनी बघितले, फेस डावीकडे वाहत होता. म्हणजे धार डावीकडे, असे त्यांनी मनात ठरवले. पाटलाचा मुलगाही तेच म्हणाला. कोळ्याच्या मुलाने बांबू तळाशी रोवून नाव धरून ठेवली.

"फेस धारेनं चाललाय की वाऱ्यानं?" धनगराच्या मुलीने विचारले. "वारा उजवीकडून येतोय."

कोळ्याचा मुलगा म्हणाला, "डावीकडं पाणी बारीक थरथरतंय. उजवीकडं संथ आहे आणि काळं दिसतंय."

पाटलाच्या मुलाने दोन्हीकडचे पाणी निरखून बघितले. मग म्हणाला, "माझं चुकलं. उजवीकडं घ्या."

तात्यांच्या हिशेबाने नाव आता रुतणार होती. बोलावे तर घाट गेला, न बोलावे तरी गेला. पण तिघांपैकी एकानेही त्यांच्या तोंडाकडे बघितले नव्हते. तात्यांनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट धरले.

नाव कुठेही न अडता काठाला लागली. तात्यांनी डोळे उघडून मागे बघितले. डावीकडे जेमतेम घोटाभर पाणी होते आणि त्याखाली लांबच लांब वाळू पसरली होती.

कारभाऱ्याने मान परत दिल्याचे सांगितले, तरी तात्या गाल फुगवूनच उभे होते. "तात्या, आता टाका ती गुळणी," तो हसून म्हणाला. तात्यांनी ती टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाही.

"आज मी बोललो असतो," ते म्हणाले, "तर नाव वाळूत घातली असती."

त्या दिवशी गावात उपड्या नावा सुलट्या करून पाण्यात सोडल्या. तात्या पुढेही बरीच वर्षे पिंपळाखाली शिकवत राहिले. पाण्याचा तांब्या मात्र त्यांच्याशेजारी कायम भरलेला असे.

म्हणून म्हणतात: एकट्याचे ऐकून मान डोलते, चार जणांत बोलून समज येते.