आकाशपाळण्याचा हट्ट

कोणे एके काळी पोरांच्या किंकाळ्यांनी दुमदुमणारी एक खेळबाग होती. ती बंद पडली, गवत माजलं, तिकीटखिडकीत मुंग्यांनी वारूळ केलं. आकाशपाळणा तेवढा ताठ उभा. वारा सुटला तरी तो अंग आवळून धरी. रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, असं त्यानं आयांकडून ऐकलेलं. आपली पोरं परत येणार, त्यांना कशाला त्रास?

एका दुपारी बागेतल्या एका खारीचं घरट्याचं झाड कोसळलं. तिनं एक पिल्लू आणून खालच्या पाळण्यात ठेवलं.

"उचल ते! ही जागा माझ्या पोरांची."

"तुमच्या पोरांना आता टकलं पडली असतील, दादा! वर घार फिरतेय. माझी दोन अजून उघड्यावर आहेत, ती काय दगडं आहेत?"

आकाशपाळण्याला वर जाताना आईचा पदर धरणाऱ्या इवल्या मुठी आठवल्या. तो म्हणाला, "आण बाई, लवकर आण."

तिन्ही पिल्लं आली, पण रडायची थांबेनात. मग त्यानं इतक्या वर्षांचं आवळलेलं अंग सैल सोडलं. गंज करकरला, पाळणा झुलला. एक पिल्लू आनंदानं किंचाळलं.

"हळू, दादा!" खार ओरडली. "आत्ताच दूध प्यालीत!"