न मुरलेलं लोणचं

“मुरायला वर्ष लागतं म्हणे! महाराजांना दुसरं काही मागायला सुचलं नाही? भजी मागायची, लगेच तरी झाली असती.” काशीबाई चुलीशी पुटपुटत होत्या, पण पुटपुटणं असं, की ओसरीवर बसलेल्या धाकट्या जावेला, शेवंताला, शब्द न् शब्द ऐकू जावा.

त्या वेळी ओंजळनाथ महाराज तांबूळवाडीच्या मारुतीच्या देवळात राहत. झोळी नाही, ताट नाही. ओंजळीत मावेल तेवढंच घ्यायचं आणि दारातच उभ्याने खायचं, असा त्यांचा नेम.

शेवंताचा त्यांच्यावर भाबडा जीव. तिच्या छातीतली गाठ हाडांपर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले होते, मुळासकट जायचं नाही, पण औषधाने आवरून धरू. त्या दुखण्याचं नाव मात्र घरात कुणी काढत नसे. ‘ते’ म्हणायचे, नाहीतर ‘शेवंताला जरा बरं नाही’. नाव घेतलं तर आत येईल म्हणून. आणि ते तर केव्हाचं आत येऊन बसलेलं!

महाराजांनी तिला एवढंच सांगितलं होतं, “सलाईन डॉक्टर लावतील, लिंबाचं लोणचं तू घाल. आम्हाला मुरलेलं लागतं हो.” तिने बरणी भरली, वर कापडाचा दादरा बांधला आणि रोज सकाळी ती हलवू लागली.

पण औषधांनी तिची चव गेली. भाकरी मातीसारखी लागे, दूध पितळेसारखं. घास उतरेना, अंग झडू लागलं. डॉक्टर म्हणाले, “अन्न पोटात जात नाही तोवर पुढचं सलाईन देता येणार नाही.” आवरून धरलेलं आता सुटणार, हे घरात सगळ्यांना कळलं.

गुरुवारी महाराज दारात उभे राहिले. काशीबाई भाकरी घेऊन पुढे झाल्या, तशी महाराजांनी ओंजळ मागे घेतली.

“शेवंताला वाढू दे.”

“तिला कसं जमेल, महाराज? तिचं... ते वाढलंय.”

“ते वाढलंय ना? मग तिनेही वाढावं की!” महाराज हसले. “लोणचं आण, पोरी.”

“अजून मुरलं नाही, महाराज.”

“आम्ही तरी कुठे मुरलोय?”

भिंतीला धरत शेवंता बरणीपाशी गेली. एक फोड काढून तिने महाराजांच्या ओंजळीत घातली. महाराजांनी अर्धी खाल्ली, डोळे मिटले, आणि उरलेली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली. आणि काय सांगावं! तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

“कडू!” ती ओरडली. “अहो जाऊबाई, कडू लागतंय! आंबट लागतंय!”

कडू लागल्याचा एवढा आनंद तांबूळवाडीने पाहिला नव्हता. उंबऱ्याशीच बसून तिने दहीभात मागितला, खाल्ला, पुन्हा मागितला. वाढताना काशीबाईंचा हात थांबेना.

महाराज म्हणाले, “आता सलाईन चुकवू नकोस. आणि मुरलं की याच हाताने वाढ. आम्ही येतो.”

काशीबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं. “चुकलं, महाराज. तुम्ही वर्षानंतरचं मागितलंत ना, त्याचीच मला धास्ती वाटत होती.” मग भाताने माखलेल्या हातानेच त्यांनी जावेचा हात घट्ट धरला.

“शेवंते, तुला कॅन्सर झालाय गं. आणि मला तुझ्याशिवाय या घरात राहायचं नाही.”