विडा

“सिनेमा बघितलात का, मास्तर?”

सर्जेरावाने पुन्हा विचारलं. शिदूमास्तर ओसरीवर बसून पानाच्या शिरा काढत होते.

“बघितला.”

“मग?”

मास्तरांनी पुढचं पान हातात घेतलं.

कधीकाळी शिदूमास्तरांच्या तमाशाच्या फडात सर्जेराव सोंगाड्याचं काम शिकला. आता तो सिनेमातला मोठा विनोदी नट होता. त्याचा नवा सिनेमा एका म्हाताऱ्या सोंगाड्यावर होता आणि गावोगाव लोक पोट धरधरून हसत होते. सगळ्यात मोठा हशा कुठे, तर भर खेळात म्हाताऱ्याचं धोतर ओलं होतं तिथे.

हे खरं घडलं होतं. मास्तरांच्या शेवटच्या खेळात. तेव्हा सर्जेरावाने प्रसंग ओळखून पाण्याचा तांब्या मास्तरांच्या अंगावर उपडा केला. लोकांना वाटलं, बतावणीच चाललीय. मास्तरांची अब्रू राहिली आणि दोघांखेरीज कुणाला काही कळलं नाही.

सिनेमात त्याने तांब्या तेवढा गाळला.

सिनेमा लागल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. मास्तरांनी एकदा ‘चांगलं केलंस’ म्हणावं, म्हणजे आपण सुटलो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून शाल आणि पेढे घेऊन तो आला होता. सोबत त्याचा मॅनेजर निनाद होता. गुरू आशीर्वाद देताहेत असा एक व्हिडिओ त्याला हवा होता.

“सर्जा,” मास्तर पानाला चुना लावत म्हणाले, “नक्कल करायच्या आधीचा आपल्या फडाचा रिवाज काय रं?”

सर्जेरावाची मान खाली गेली.

“ज्याची नक्कल करायची, त्याला म्होरं बसवायचं. त्याच्या हातात विडा द्यायचा. त्यो चघळतोय तवर नक्कल करायची.”

“आन् त्याचं तोंड थांबलं की?”

“... आपण थांबायचं.”

“मी थेटरात म्होरंच बसलो हुतो,” मास्तर म्हणाले. “विडा तेवढा घरनं न्यावा लागला.”

बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं सर्जेरावाला वाटलं. त्याने पुढे होऊन मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“चुकलो, मास्तर.”

“सर, परत एकदा घेऊ या का?” मागून निनाद म्हणाला. “उजेड नव्हता चेहऱ्यावर.”

सर्जेरावाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मास्तर मात्र खुदकन हसले. विडा दुमडून त्यांनी तो सर्जेरावाच्या तळहातावर ठेवला.

“खा. बस तिथं म्होरं.”

सर्जेराव बसला. विडा तोंडात घातला. आता काय होणार ते त्याला कळलं होतं.

गुडघ्यांवर हात टेकत मास्तर उठले. सर्जेरावाने आणलेली शाल त्यांनी खांद्यावर टाकली, छाती काढली, आणि मुलाखतीतला सर्जेराव उभा केला. तो बोलताना मधेच कसा थांबतो, डोळे कसे टिपतो, टिपता टिपता कॅमेरा चालू आहे ना ते कसं बघतो, सगळं.

निनाद फिसकन हसला. सर्जेरावालाही हसू आलं. लाज वाटत होती तरी आलं. म्हातारा अजून पहिल्यासारखाच होता! तो विडा चघळत राहिला.

“मी जो काही आहे,” मास्तर त्याच्याच आवाजात म्हणाले, “तो माझ्या आईमुळं.”

“अगदी सरच!” निनादने मोबाइल वर धरला.

मग मास्तरांनी शाल डोक्यावरून घेतली. पाठीत वाकले. काखेत एक न दिसणारं गाठोडं आलं. एक म्हातारी बाई राहुटीच्या दारात उभी राहून आत डोकावू लागली.

“सर्जा... ए सर्जा... भाकरी आणलीया रं...”

सर्जेरावाची आई अशी आली त्या दिवशी फडाच्या राहुटीत शहरातून आलेले सिनेमावाले बसले होते. ही कोण, असं त्यांनी विचारलं होतं. सर्जेरावाने काय उत्तर दिलं ते त्या बाईने ऐकलं होतं आणि मास्तरांनी ऐकलं होतं. बाई आता या जगात नव्हती.

मास्तरांनी शाल पुन्हा खांद्यावर घेतली. पुन्हा सर्जेराव झाले. दाराकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, हनुवटी उचलली, बोलायला तोंड उघडलं...

सर्जेरावाचं तोंड थांबलं होतं. विडा गालात तसाच होता. डोळे भरून आले होते आणि या खेपेला मोबाइल कुठे आहे ते त्याने पाहिलं नाही.

मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं. शाल काढली, घडी घातली, आणि हळूच जागेवर येऊन बसले.

“अहो, पुढं?” निनाद म्हणाला. “मास्तर, काय म्हणाले सर त्या बाईंना?”

मास्तरांनी सर्जेरावाकडे पाहिलं.

“इसरलो बाबा. वय झालं आता.” मग त्यांनी हात सर्जेरावाच्या पाठीवर ठेवला. “तू चघळ.”