खरवडलेली पवनचक्की

लहानथोर मंडळींनो, ही गोष्ट फार जुन्या काळची. गव्हाच्या शेतांनी भरलेल्या एका थंड देशात एक बाई राहत असे. ती नासपतीच्या लाकडावर चित्रे कोरी, त्यांवर शाई लावून कागदावर छापी आणि खाली गोष्टी लिही.

तिच्या माहेरचे गाव राजाने उठवले होते. गावाने त्याच्यापुढे मान तुकवली नाही, एवढाच गुन्हा. घरे गेली, टेकडीवरची पवनचक्की गेली, माणसे देशोधडीला लागली. त्यांच्या पोरांना आपले गाव कळावे म्हणून बाईने एक पुस्तक करायला घेतले. शेवटच्या चित्रात काळीभोर रात्र होती, चंद्र होता आणि अंधारात जेमतेम दिसणारी, बारीक रेघेने काढलेली पवनचक्की होती.

कुणीतरी प्रधानाकडे चुगली केली. तो तडक येऊन थडकला.

“बाई, ही पवनचक्की खरवडून टाका.”

“माझा हात नाही धजायचा, प्रधानजी.”

“मग द्या इकडे ते हत्यार!”

राजाला चंद्र फार आवडे. म्हणून चंद्राला धक्का न लावता, प्रधानाने रेघेच्या आतले सगळे लाकूड अगदी निगुतीने खरवडले. घाम पुसत तो म्हणाला, “आता खुशाल छापा. माझा हुकूम आहे!”

तो गेल्यावर बाई लाकडातल्या त्या खड्ड्याकडे बघत रडत बसली. गाव दुसऱ्यांदा गेले, असेच तिला वाटले. छपरावरच्या करकोच्याला राहवेना.

“अगं, रडतेस काय? जन्मभर लाकूड कोरलंस ना? मग कोरल्या जागी शाई लागते का कधी?”

बाईने डोळे पुसले. शाई फिरवली, कागद दाबला आणि भीतभीत उचलला. काळ्या रात्रीत पवनचक्की पांढरीशुभ्र उभी होती! बाईच्या छातीवरचे ओझे उतरले. ती हसली, मग पुन्हा रडली, पण हे रडणे निराळे होते.

पुस्तक गावोगाव गेले. पोरे पानावर बोट ठेवून म्हणत, “ही बघ आपली पवनचक्की!” प्रधानाच्याही हाती ते पडले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. राजाकडे तक्रार करावी, तर खरवडणारा हात त्याचाच आणि हुकूमही त्याचाच. बिचारा मूग गिळून गप्प बसला.

तात्पर्य : जे बळजबरीने पुसायला जावे, तेच अधिक ठळक उमटते.